पाचशे रुपयांची पावती

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

त्या मुलानं हे विचारलं तेव्हा आमच्यामागे तळघरात सहा-सात गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या. आक्का दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून समोरच्या आडव्या दांड्याकडे बघत होत्या. मी शेजारच्या सीटवर पर्स मांडीत पालथी घातलेली. रुमाल, किल्ल्या, दुकानांची बिलं, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं निघालं. पार्किंगची ती चिठ्ठी काही निघेना.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. दौंडला असतात. भाऊजी रेल्वेत होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. त्यांनी हौसेनं घेतलेली वॅगन-आर दारात तशीच उभी होती. वर्षभर तिच्यावर नुसती धूळ. मग एक दिवस आक्कांनी त्रेपन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आधी दौंडातल्या दौंडात, मग पाटसपर्यंत, मग चौफुला, पारगाव, न्हावरे करत थेट आमच्याकडे शिरूरला. पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीतून उतरल्या आणि ओट्यावर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "पुलावर समोरून उसाची ट्रॉली आली गं, मी डोळेच मिटणार होते."

तर अशा आमच्या आक्का. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. बस्ता शिरूरलाच बांधला, पण लेकीला रिसेप्शनचा लेहंगा मॉलमधलाच पाहिजे होता. म्हणून आम्ही दोघी सकाळी शिरूरहून निघालो. वाटेत रांजणगावला गणपतीचं दर्शन घेतलं, वाघोलीची गर्दी सोसली आणि पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरात गाडी लावली. आमच्या घोडनदीत गाडी लावायची म्हणजे दुकानासमोर झाडाची सावली बघायची आणि दुकानदाराला "जरा लक्ष ठेवा" म्हणायचं. इथं आत शिरताना यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघाली. आक्कांनी ती "नीट ठेवते" म्हणून कुठंतरी ठेवली. नीट ठेवलेली वस्तू सापडत नाही, हे तुम्हा सगळ्याजणींना ठाऊक आहेच.

"टोकन हरवलं की पाचशे रुपये दंड, आणि गाडीचे पेपर दाखवायचे," मुलगा म्हणाला. आक्कांनी आरसी दिली, लायसन्स दिलं. त्यानं दोन्हीवरची नावं ताडून पाहिली. एकावर भाऊजींचं नाव, दुसऱ्यावर आक्कांचं.

"मालकांना फोन लावा मॅडम."

आक्का काही क्षण गप्प. मग म्हणाल्या, "त्यांना फोन लागत नाही रे बाळा. गेले ते."

पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. एकदम ओशाळला. पण तोवर आतून त्याचा सुपरवायझर आला आणि त्यानं तेच पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. गाडी कुणाची, तुम्ही कोण, मग नावावर का नाही केली, कशावरून गाडी तुमचीच. हे सगळं मागच्या हॉर्नच्या गोंगाटात, अनोळखी पुरुषांच्या पुढ्यात. आक्कांचे डोळे भरून आले. मला वाटतं पाचशेचं त्यांना काहीच नव्हतं. चार वर्षं जे त्यांनी कुणापुढे मोठ्यानं म्हटलं नव्हतं ते त्या तळघरात म्हणावं लागलं, ते लागलं.

मी खाली उतरले. म्हटलं, पैसे देते, पावती द्या. "पावती निघत नाही मॅडम, टोकन नाही ना." मग पैसे कुठं द्यायचे? त्यानं खांबावरचा क्यूआर कोड दाखवला. स्कॅन केला तर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी पैसे भरले, त्या स्क्रीनचा फोटो घेतला, खांबामागच्या बोर्डाचाही घेतला. दांडा वर झाला. वाघोलीपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

घरी आल्यावर अपेक्षेप्रमाणे झालं. आमचे हे म्हणाले, "पाचशे रुपयांसाठी आता काय कोर्टात जाणार?" आक्काही म्हणाल्या, "जाऊ दे गं, चूक आपलीच होती. लग्नघरात कशाला नाद." चूक आमची होती, हे खरंच. रात्री रांजणगावच्या प्रसादाची पुडी सोडली तर आत ती चिठ्ठी! देवाजवळ सुरक्षित राहील म्हणून आक्कांनी तिथं खोचली होती. आम्ही दोघी इतक्या हसलो की पेढे खाली सांडले. त्या दिवसातलं तेवढंच एक हसणं.

चिठ्ठी हातात आली तशी मी ती चष्मा लावून नीट वाचली. त्यावर गाडीचा नंबर छापलेला होता. एमएच बेचाळीस, आपली बारामतीची पाटी, पुढचे सगळे आकडे आणि आत शिरल्याची वेळ, मिनिटासकट. म्हणजे यंत्राकडे सगळी नोंद होतीच. आम्ही किती वेळ थांबलो हे त्यांना चिठ्ठीशिवाय कळत होतं. नुकसान काय झालं, तर बोटभर कागद. मग पाचशे रुपये कशाचे?

इथून माझी चौकशी सुरू झाली.

पहिली गोष्ट कळली ती 'दंड' या शब्दाची. दंड करण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला असावा लागतो. वाहतूक पोलीस नो पार्किंगचा दंड करतात तो मोटार वाहन कायद्याखाली. मॉलच्या पार्किंगचा ठेकेदार पोलीस नव्हे. तो फार तर असं म्हणू शकतो की आत येताना तुम्ही माझ्या अटी मान्य केल्यात, आता पैसे द्या. म्हणजे हा झाला करार. आणि कराराबद्दल आपला १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम ७४, असं सांगतो की अट मोडल्याबद्दल करारात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते. लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आणखी एक पाऊल पुढं टाकलं. ग्राहकाकडून अट मोडली गेली तर प्रत्यक्ष नुकसानीच्या मानानं अगदीच बेसुमार दंड लावणारा करार हा 'अनुचित करार' ठरतो, असं त्यात व्याख्येतच आहे. आणि सेवेचे पैसे घेऊन पावती न देणं ही याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा. ते वाचलं आणि म्हटलं, बस, आता लिहायचंच.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. कागदपत्रं बघण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. उद्या कुणी आपली गाडी चिठ्ठीशिवाय बाहेर काढली आणि पोरानं काही न विचारता सोडली, तर आपणच आकांडतांडव करू. तो विचारतो हे बरोबरच. कसं विचारतो, किती वेळा आणि कुणासमोर, हा प्रश्न. बाजूला घेऊन, गाडी कडेला लावायला सांगून दोन मिनिटांत हे झालं असतं. आणि तो मुलगा? दिवसभर त्या धुरात उभा असतो. हरवलेल्या चिठ्ठ्यांचे पैसे त्याच्याच पगारातून कापत असतील तर नवल नाही.

पण मग खांबावरच्या बोर्डाची दुसरी ओळ बघा. 'वाहनाची जबाबदारी मालकाची. चोरी वा नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार नाही.' गाडी चोरीला जाऊ नये म्हणून तुम्ही कागद तपासता, त्यासाठी पाचशे घेता, आणि चोरी झालीच तर जबाबदार नाही! दोन्ही ओळी एकाच बोर्डावर, एकाखाली एक. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा एक निकाल आहे. १९९८ साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्यानं किल्ली देऊन मारुती झेन लावायला दिली आणि ती चोरीला गेली. हॉटेलनं चिठ्ठीवर छापलेल्या 'मालकाच्या जोखमीवर' या ओळीकडे बोट दाखवलं. न्यायालयानं सांगितलं, गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून असं छापील ओळीनं सुटता येत नाही. तिथं किल्ली हॉटेलकडे होती, आपण स्वतः लावलेल्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी, हे लक्षात ठेवायचं. तरी बोर्डावर लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ, असं नाही, हे त्यातून मला उमजलं.

मुळात मॉलनं पार्किंगचे पैसे घ्यावेत की नाही यावरच एकमत नाही. जून २०१९ मध्ये पुणे महापालिकेच्या शहर सुधारणा समितीनं मॉल आणि मल्टिप्लेक्समध्ये पार्किंग मोफत असावं असा ठराव केला होता. त्याच्या पुढच्याच महिन्यात गुजरात उच्च न्यायालयानं म्हटलं की पार्किंगची जागा सोडणं हे बांधकाम परवानगीचंच बंधन आहे, त्याचे पैसे मॉलला घेता येणार नाहीत. केरळात मात्र २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कोचीच्या मॉलच्या बाजूनं गेला, पैसे घ्यायला हरकत नाही. तुम्ही-आम्ही मात्र आजही पुण्यातल्या बऱ्याच मॉलमध्ये तासाच्या हिशेबानं पैसे मोजतो. तो वाद मोठ्यांनी मिटवावा. आमच्या पत्रात मी तो आणलाच नाही. तासाचे पैसे द्यायला आम्ही तयार होतो, आमची तक्रार वरच्या पैशांची.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. फोनवर तिला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, इथं दांडा नाही, पोरगा नाही, काही नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि आठवड्यानं घरी पत्र येतं." तिकडे खासगी कंपन्या मोटारींच्या सरकारी नोंदणीतून मालकाचा पत्ता मिळवतात म्हणे. चेम्सफर्ड गावच्या एका दुकानांच्या वाहनतळावर दोन तास फुकट गाडी लावता यायची. एक गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले, ८५ पौंडांची मागणी आली. चौदा दिवसांत भरले तर ५०. ते भांडत भांडत थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये हरले! मला आधी हे ऐकून धडकीच भरली. पण कारण ऐकण्यासारखं आहे. न्यायालयानं पाहिलं की बोर्ड मोठे होते, जागोजागी होते, रक्कम ठळक होती, आणि इतर गिऱ्हाइकांना जागा मिळावी म्हणून लोकांनी वेळेत निघणं गरजेचं होतं. आमचा बोर्ड? खांबाच्या पाठीमागे, दांडा ओलांडून आत गेल्यावर, आणि मराठीतली ओळ बारीक अक्षरात सगळ्यात खाली. आत शिरल्यावर दिसणारी अट मी कधी मान्य केली? भाचीचा किस्सा ऐकून मी बोर्डाचा फोटो पत्राला जोडायचं ठरवलं.

पत्र मराठीतच लिहिलं. शिरूरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे टाइप करून घेतलं, पानभर. तारीख, वेळ, गाडीचा नंबर. चिठ्ठी हरवली होती, नंतर सापडली, ही घ्या तिची प्रत. आत शिरल्याची वेळ त्यावर आहे, बाहेर पडल्याची वेळ माझ्या पैसे भरल्याच्या नोंदीत आहे. तुमच्या दराप्रमाणे चार तासांचे साठ रुपये होतात ते ठेवून घ्या, ४४० परत करा. पैसे कंपनीच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या नावावर का गेले हे कळवा. पावती द्या. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागू. शेवटी एक वाक्य आक्कांनी घालायला लावलं. 'चिठ्ठी हरवलेल्या बाईमाणसाला गाडी कडेला घेऊन बसून बोलू द्यावं.' टाइप करणारा म्हणाला, हे कायद्याच्या पत्रात शोभत नाही. आक्का म्हणाल्या, "राहू दे."

पत्र मॉलच्या व्यवस्थापकाला रजिस्टर्ड पोस्टानं गेलं, प्रत ठेकेदाराला. ठेकेदाराचा पत्ता चिठ्ठीच्या मागे होता, बघा, तीही वाचायची असते! शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आलं, फोनवरच्या मुलीनं तक्रारीचा क्रमांकही दिला.

यातही काम झालं नसतं तर पुढची वाट शोधून ठेवली होती. जिल्हा ग्राहक आयोगात, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लागतोच असं नाही. पूर्वी समोरचा जिथला असेल तिथं जावं लागायचं. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला तेव्हापासून आपण जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार देता येते. आम्ही दोघी पुणे जिल्ह्यातल्याच, त्यामुळे आम्हाला फरक नव्हता. पण तुमच्यापैकी कुणी नगर किंवा सोलापूरहून पुण्यात खरेदीला येत असेल तर तिला हे मोठं सोयीचं. तक्रार ऑनलाइनही करता येते, त्यासाठी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. एक बारकावा मात्र आहे. 'करारच अनुचित आहे' एवढ्याच मुद्द्यावर जायचं तर दाद राज्य आयोगाकडे मागावी लागते. पावती दिली नाही, सेवेत खोट होती, ही तक्रार जिल्ह्यात चालते. आमची तयारी जिल्ह्याची होती.

जायची वेळ आली नाही. बाराव्या दिवशी मॉलमधून फोन आला. बाई होत्या, बोलणं अदबीचं. आधी म्हणाल्या पार्किंग आमच्याकडे नाही, ठेक्यानं दिलंय. म्हटलं, जागा तुमची, इमारतीवर नाव तुमचं, ठेकेदार तुम्ही नेमलेला. मग म्हणाल्या, चौकशी करते. चार दिवसांनी माझ्या खात्यात ४४० रुपये आले आणि ईमेलवर साठ रुपयांची रीतसर पावती. त्या व्यक्तीच्या नावावरच्या क्यूआर कोडचं काय झालं, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी पुन्हा विचारलं, उत्तर आलं नाही. ते तेवढं राहून गेलं.

पैसे आले तेव्हा आक्कांना फोन केला. मला वाटलं खूश होतील. त्या म्हणाल्या, "ते असू दे. मला आरसीचं सांग. काय काय लागतं?"

तेव्हा मला कळलं की चार वर्षं गाडी भाऊजींच्या नावावर का राहिली होती. आळस नव्हता, माहिती नव्हती असंही नाही. मुलांनी दोनदा आठवण केली होती. आक्का म्हणाल्या, "घर नावावर झालं, पेन्शन झाली, बँक झाली. सगळ्या कागदांवरून त्यांचं नाव गेलं गं. एक गाडी राहिली होती. म्हटलं राहू दे एका तरी कागदावर." यावर मी काय बोलणार?

पण नियम असा आहे की मालक वारल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून गाडी नावावर करून घ्यायची. तोवर वापरता येते, पुढं नाही. आणि विम्याच्या पॉलिसीवरही नाव बदलून घ्यायचं. आक्का तर दरवर्षी गेलेल्या माणसाच्या नावानं हप्ता भरत होत्या. न्हावऱ्याच्या रस्त्यावर ती उसाची ट्रॉली खरंच अंगावर आली असती तर विम्याच्या पैशांसाठी किती खेटे घालावे लागले असते कोण जाणे. मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात अशी गाडी उभी असेल तर आजच तिचे कागद बघा. कोरोनानंतर अशा किती गाड्या चालल्या असतील.

मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, मुलांची संमतिपत्रं, सगळं गोळा करून आक्का कुरकुंभवरून बारामतीला गेल्या. स्वतः गाडी चालवत, शेजारी लेक. उशीर झाल्याचे जास्तीचे पैसे भरावे लागले. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "इथंही दंड बसला गं. पण पावती दिली बरं का, न मागता!"

जुन्या आरसीची रंगीत झेरॉक्स काढून त्यांनी ती गाडीच्या कप्प्यात, गणपतीच्या फोटोमागे ठेवली आहे.

लग्न पार पडलं. लेक-जावयाला पहिल्या सणाचे कपडे घ्यायला आम्ही परत त्याच मॉलमध्ये गेलो. मी म्हटलं होतं दुसरीकडे जाऊ, आक्काच ऐकेनात. दांड्यापाशी चिठ्ठी निघाली. आक्कांनी ती हातात घेतली, चष्मा लावला, पुढून वाचली, उलटून मागून वाचली. मग मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"वाजू देत," म्हणाल्या, आणि दुसरा फोटो घेतला, पहिला हलला होता म्हणून.